८०० डॉलरचा बॉक्स वर्षाच्या आत ३०० डॉलरला कसा आला? डीव्हीआरच्या किमतीमागचं गणित समजून घ्या

सप्टेंबर २००६. अमेरिकेत टिव्हो नावाच्या कंपनीने एक नवा बॉक्स बाजारात आणला. नाव होतं सिरीज थ्री. टीव्हीवरचे कार्यक्रम हाय डेफिनिशनमध्ये रेकॉर्ड करायचे, हवे तेव्हा बघायचे, मध्येच थांबवायचे, हे या बॉक्सचं काम. किंमत ७९९.९९ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण ३७ हजार रुपये. त्यावर सबस्क्रिप्शन वेगळं.

टिव्होचे जुने ग्राहकसुद्धा या आकड्यावर चक्रावले. कारण याच कंपनीचा साधा बॉक्स त्याआधी सूट वगैरे धरून ५० डॉलरपर्यंत खाली आला होता. मग अशी काय जादू होती या नव्या बॉक्समध्ये?

पण खरी गंमत पुढे झाली. २००७च्या जुलैमध्ये, म्हणजे वर्षही व्हायच्या आत, त्याच कंपनीने टिव्हो एचडी नावाचा बॉक्स जाहीर केला. मुख्य काम तेच. किंमत २९९.९९ डॉलर.

आता साहजिकच प्रश्न पडतो की दहा महिन्यांत ५०० डॉलर गेले कुठे? आधीच्या गिऱ्हाइकांना कंपनीने लुटलं होतं का? की बनवायचा खर्चच खरोखर इतका कमी झाला?

उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. पण ते एकदा समजलं की फक्त डीव्हीआर नाही, तर सेट टॉप बॉक्स, प्रिंटर, सीसीटीव्ही अशा बऱ्याच वस्तूंच्या किमती कशा ठरतात हे लक्षात येतं.

आधी बेसिक : डीव्हीआर म्हणजे काय?

डीव्हीआर म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. आपल्याकडे हा शब्द ऐकला की सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमधला सीसीटीव्हीचा बॉक्स डोळ्यासमोर येतो. तोही डीव्हीआरच. पण अमेरिकेत १९९९ पासून घराघरांत गेला तो टीव्ही रेकॉर्ड करणारा डीव्हीआर.

त्याआधी लोक व्हीसीआरवर कॅसेट लावून कार्यक्रम रेकॉर्ड करायचे. कॅसेट संपली की संपलं, टायमर चुकला की मॅच गेली. डीव्हीआरने कॅसेटच्या जागी कम्प्युटरची हार्ड डिस्क बसवली. हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहिता येतं आणि वाचताही येतं. त्यामुळे चालू असलेला कार्यक्रम थांबवता येऊ लागला, मागे नेता येऊ लागला, जाहिराती पळवता येऊ लागल्या.

टिव्हो ही कंपनी १९९७ मध्ये जिम बार्टन आणि माइक रॅमसे या दोघांनी कॅलिफोर्नियात सुरू केली. दोघेही आधी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये होते. ३१ मार्च १९९९ रोजी त्यांचे पहिले बॉक्स कारखान्याबाहेर पडले. पुढे हे नाव इतकं चाललं की आपण जसं 'झेरॉक्स काढ' म्हणतो तसं अमेरिकन लोक 'तो कार्यक्रम टिव्हो करून ठेव' असं म्हणायला लागले.

बॉक्स उघडला तर आत काय सापडतं?

कुठल्याही डीव्हीआरचं झाकण काढलं तर आत साधारण सहा-सात गोष्टी दिसतात.

पहिली, हार्ड डिस्क. सहसा सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. १९९९च्या टिव्होमध्ये साधारण १३ जीबीची डिस्क होती आणि त्यात १४ तासांचं रेकॉर्डिंग मावायचं, तेही सगळ्यात कमी क्वालिटीवर. २००६च्या सिरीज थ्रीमध्ये २५० जीबीची डिस्क होती. त्यात साध्या क्वालिटीचे ३०० तास, पण एचडी मात्र ३२ तासांच्या आसपासच. एचडी किती जागा खातं ते यावरून कळतं.

दुसरी, ट्यूनर. अँटेना किंवा केबलमधून येणाऱ्या सिग्नलमधून हवा तो चॅनल वेगळा काढणारा भाग. एकाच वेळी दोन चॅनल रेकॉर्ड करायचे तर दोन ट्यूनर लागतात. सिरीज थ्रीला जुनं अ‍ॅनालॉग केबल, डिजिटल केबल आणि हवेतून येणारा डिजिटल सिग्नल असं सगळंच पकडायचं होतं. आणि प्रत्येकाचं दोन-दोनदा.

तिसरी, एन्कोडर चिप. अ‍ॅनालॉग सिग्नल थेट डिस्कवर ठेवता येत नाही. आधी तो दाबून लहान करावा लागतो. हे काम ही चिप करते. डिजिटल चॅनल मात्र आधीच दाबलेले येतात, ते फक्त उचलून ठेवायचे असतात.

चौथी, डिकोडर आणि प्रोसेसर. दाबून ठेवलेलं चित्र पुन्हा उलगडून टीव्हीवर दाखवणं, मेनू चालवणं, रिमोटचं ऐकणं हे यांचं काम.

त्यानंतर मेमरी, पॉवर सप्लाय, पंखा, मागचे पोर्ट, धातूचा सांगाडा, पुढचं प्लास्टिक, रिमोट, केबल, खोका आणि थर्माकोल.

या सगळ्या भागांची किंमत जोडली की जो आकडा येतो त्याला उद्योगातले लोक 'बॉम' म्हणतात. बिल ऑफ मटेरियल्स. सोप्या भाषेत कच्च्या मालाचा हिशोब. स्वयंपाकात जसं तेल, बेसन, कांद्याचा खर्च धरतो तसं. पण वडापावची किंमत म्हणजे फक्त बटाटा आणि पावाचा खर्च नसतो. गाडीची जागा, गॅस, कारागिराचा पगार, वाया गेलेला माल हे सगळं त्यात असतं. डीव्हीआरचंही तसंच.

न दिसणारा खर्च

इथे सोशल मीडियावर हमखास होणारी एक चूक बघू. एखादा नवा फोन किंवा बॉक्स आला की त्याचे भाग मोजून कुणीतरी सांगतं, 'याचा खर्च इतकाच, बाकी सगळा नफा!' पण भागांच्या किमतीवर आणखी बरेच थर चढतात.

*लायसन्स फी.* व्हिडिओ दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतींवर पेटंट असतात. त्या काळात डीव्हीडी आणि डिजिटल टीव्हीसाठी एमपेग-टू ही पद्धत वापरली जायची. २००२ पासून तिची पेटंट फी दर डिकोडरमागे २.५० डॉलर होती. एचडीएमआय पोर्टसाठी वेगळी फी, ती काही सेंटच असते. आवाजासाठी डॉल्बीची वेगळी. एकेक आकडा किरकोळ वाटतो, पण दर बॉक्सला प्रत्येक मोजावाच लागतो. यात टिव्होने एका ठिकाणी हुशारी केली. बॉक्सची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून त्यांनी लिनक्स वापरलं, जे फुकट मिळतं.

*सर्टिफिकेशन.* अमेरिकेत केबलचे चॅनल स्क्रॅम्बल म्हणजे कुलूपबंद असतात. बाहेरच्या कंपनीच्या बॉक्सने ते दाखवायचे तर केबल कंपनीकडून केबलकार्ड नावाचं एक कार्ड घेऊन बॉक्समध्ये घालायचं. असं कार्ड घेणारा बॉक्स बनवायचा तर केबल उद्योगाच्याच प्रयोगशाळेतून तो तपासून घ्यावा लागायचा. त्यात वेळही जायचा आणि पैसाही. सिरीज थ्रीला तर चित्र आणि आवाजाच्या दर्जासाठी टीएचएक्स कंपनीचं वेगळं प्रमाणपत्रही होतं.

*डिझाइन आणि सॉफ्टवेअर.* इंजिनिअरांचे पगार, प्लास्टिकचे साचे, चाचण्यांसाठी बनवलेले नमुने. हा खर्च एक बॉक्स विकला काय आणि दहा लाख विकले काय, तेवढाच असतो.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. समजा डिझाइनवर १ कोटी डॉलर खर्च झाले. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. आता ५० हजार बॉक्स विकले गेले तर प्रत्येक बॉक्सवर २०० डॉलरचा भार येतो. तेच ५ लाख विकले गेले तर २० डॉलर. वस्तू तीच, कारखाना तोच, पण किती लोक घेणार या अंदाजावर एका बॉक्सचा खर्च दहापट बदलतो.

*दुकानदाराचा वाटा, वाहतूक, वॉरंटी.* शोरूम स्वतःचं मार्जिन ठेवणार. काही बॉक्स खराब निघून परत येणार. त्यांचा खर्चही चांगल्या बॉक्सच्या किमतीतच वसूल होतो.

१९९९ : एक वस्तू, दोन हिशोब

आता किमतीच्या डावाकडे येऊ.

१९९९ मध्ये अमेरिकन बाजारात दोन डीव्हीआर जवळपास एकाच वेळी आले. एक टिव्हो आणि दुसरा रीप्ले टीव्ही. काम जवळजवळ सारखंच. पण पैसे घ्यायची पद्धत एकदम वेगळी.

रीप्ले टीव्हीने सांगितलं, बॉक्सचे पैसे एकदाच द्या, महिन्याची फी नाही. त्यामुळे बॉक्सची किंमत चढी होती.

टिव्होने सांगितलं, बॉक्स स्वस्तात घ्या, पण कार्यक्रमांच्या गाइडसाठी महिन्याला ९.९५ डॉलर द्या. किंवा एकदाच १९९ डॉलर भरा आणि 'लाइफटाइम' सबस्क्रिप्शन घ्या. १४ तासांचा बॉक्स ४९९ डॉलरला आणि ३० तासांचा ९९९ डॉलरला. या दोघांत मुख्य फरक डिस्कच्या जागेचा. १६ तास जास्त हवे तर ५०० डॉलर जास्त! पुढे काही हौशी लोकांनी स्वतःच बॉक्स उघडून मोठी डिस्क बसवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

पण टिव्होचा बॉक्स 'स्वस्तात' कसा मिळायचा? तर टिव्हो सुरुवातीला बॉक्स स्वतः बनवत नव्हती. ते बनवायची फिलिप्स, आणि नंतर सोनीसुद्धा. या कंपन्यांनी किंमत कमी ठेवावी म्हणून टिव्हो त्यांना दर बॉक्समागे पैसे द्यायची. म्हणजे वस्तू विकून पैसे मिळवण्याऐवजी वस्तू विकली जावी म्हणून ही कंपनीच पदरचे पैसे घालत होती.

हे वेड्यासारखं वाटेल, पण यामागे गणित आहे. पुन्हा उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा कंपनीने एका बॉक्समागे १५० डॉलर पदरचे घातले. ग्राहक महिन्याला १० डॉलर देतो. त्यातले ४ डॉलर सर्व्हर, गाइडचा डेटा आणि कॉल सेंटरवर जातात. उरले ६. म्हणजे १५० डॉलर भरून यायला २५ महिने लागणार. २६व्या महिन्यापासून फायदा सुरू.

पण ग्राहक वर्षभरातच सोडून गेला तर? १२ महिन्यांचे ७२ डॉलर मिळाले आणि ७८ डॉलर बुडाले. म्हणून तर अशा कंपन्या किमान मुदतीचा करार करून घेतात आणि मध्येच सोडलं तर दंड लावतात. टिव्होनेही पुढे हेच केलं.

या खेळात सुरुवातीला तोटा मोठा होतो. जानेवारी २००१ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात टिव्होचा तोटा २० कोटी डॉलरच्या वर गेला. जितके जास्त बॉक्स विकले तितका आधी खड्डा मोठा, असा हा प्रकार.

मग रीप्ले टीव्हीचं काय झालं? ते तरी टिकले का? नाही. महाग बॉक्स कमी विकला गेला. २००१ मध्ये सॉनिकब्लू कंपनीने रीप्ले टीव्ही विकत घेतली, जाहिराती आपोआप गाळायच्या सोयीवरून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी कोर्टात खेचलं आणि २००३ मध्ये सॉनिकब्लू दिवाळखोरीत गेली. एकदाच पैसे घेणारा प्रामाणिक वाटणारा हिशोबसुद्धा तोट्याचा ठरू शकतो, हे इथे दिसलं.

मग सिरीज थ्री ८०० डॉलरला का?

आता आपण आपल्या मूळ प्रश्नाकडे आलो. जी कंपनी साधे बॉक्स पदरचे पैसे घालून विकत होती, तिने एचडी बॉक्सची किंमत एवढी का ठेवली?

पहिलं कारण म्हणजे आतले भाग खरोखर महाग होते. दोन-दोन ट्यूनर, त्या काळासाठी मोठी डिस्क, दोन केबलकार्डसाठी दोन खाचा, पुढच्या बाजूला काय रेकॉर्ड होतंय हे दाखवणारा ओलेड डिस्प्ले, अंधारात उजळणारा रिमोट, टीएचएक्सचा शिक्का. कुठेही हात आखडता घेतला नव्हता.

दुसरं कारण म्हणजे तेव्हा एचडी टीव्हीच कमी घरांत होते. म्हणजे बॉक्स थोडेच विकले जाणार. वरचं डिझाइनच्या खर्चाचं गणित आठवा. कमी बॉक्स, जास्त भार.

तिसरं कारण सगळ्यात रंजक आहे. हा बॉक्स पहिल्यांदा घेणार कोण? तर टिव्होचे जुने, हौशी ग्राहक. त्यांच्यापैकी अनेकांकडे लाइफटाइम सबस्क्रिप्शन होतं. टिव्होने २००६ मध्येच नवीन लोकांसाठी लाइफटाइम बंद केलं होतं. पण सिरीज थ्री घेणाऱ्यांना जुनं लाइफटाइम नव्या बॉक्सवर हलवायची मुभा दिली, १९९.९९ डॉलर भरून आणि ठरावीक मुदतीपुरती. अशा ग्राहकाकडून पुढे महिन्याला एक पैसाही येणार नसतो. मग बॉक्सवर तोटा सोसून उपयोग काय? जे मिळवायचं ते बॉक्समधूनच.

आणि चौथं, ज्याला पहिल्याच दिवशी वस्तू हवी असते तो जास्त पैसे मोजतो. कंपन्यांना हे पक्कं माहीत असतं. आधी हौशी लोकांना चढ्या भावात विकायचं आणि मग हळूहळू खाली यायचं. आंब्याचा बाजार बघा. मोसमातल्या पहिल्या हापूसच्या पेटीचा भाव आणि मे महिन्यातला भाव यांत जो फरक असतो, तो झाडाच्या खर्चातला फरक नसतो.

५०० डॉलर गेले कुठे?

टिव्हो एचडीमध्ये कंपनीने एकेक करून बऱ्याच गोष्टी काढल्या.

डिस्क २५० जीबीवरून १६० जीबीवर आली, म्हणजे एचडी रेकॉर्डिंग ३२ तासांवरून २० तासांवर. ओलेड डिस्प्ले गेला. टीएचएक्सचा शिक्का गेला. उजळणारा रिमोट गेला, साधा आला. दरम्यान चिपची नवी पिढी आली होती आणि जास्त कामं कमी चिपमध्ये व्हायला लागली होती. दोन केबलकार्डांऐवजी एकाच नव्या प्रकारच्या कार्डावर दोन चॅनल चालायला लागले.

पण नुसत्या या काटछाटीने ५०० डॉलर वाचत नाहीत. उरलेला फरक धोरणाचा होता. टिव्हो एचडी हौशी लोकांसाठी नव्हताच. तो नव्या ग्राहकांसाठी होता, जे महिन्याची फी भरणार होते. म्हणजे पुन्हा जुनाच हिशोब, बॉक्समधून कमी आणि महिन्याच्या फीमधून जास्त.

शिवाय समोर स्पर्धक होते खुद्द केबल कंपन्या. त्या आपला डीव्हीआर विकतच नव्हत्या, भाड्याने देत होत्या. आधी काही भरायचं नाही, फक्त महिन्याला दहा-पंधरा डॉलर जास्त.

ग्राहकाच्या बाजूने तीन वर्षांचा हिशोब मांडून बघू. टिव्होची फी महिना १२.९५ डॉलर धरली तर ३६ महिन्यांचे होतात ४६६ डॉलर. सिरीज थ्री घेतला तर एकूण १,२६६ डॉलर. टिव्हो एचडी घेतला तर ७६६ डॉलर. आणि केबलवाल्याचा भाड्याचा बॉक्स महिना १५ डॉलर धरला तरी ५४० डॉलर. बिघडला तर तो बदलूनही मिळणार.

टिव्होचा बॉक्स वापरायला कितीही चांगला असला तरी या आकड्यांसमोर त्याची दमछाक होणार हे उघड होतं. पुढे टिव्होला मोठा पैसा मिळाला तो पेटंटमधून. २०११ मध्ये डिश नेटवर्क आणि एकोस्टार या कंपन्यांनी टिव्होबरोबरचा पेटंटचा वाद ५० कोटी डॉलर देऊन मिटवला.

'लाइफटाइम' कुणाचं?

आता या सगळ्यातला ग्राहकाच्या खिशाशी थेट संबंध असलेला भाग.

टिव्होचं लाइफटाइम सबस्क्रिप्शन १९९ डॉलरवरून २४९ आणि मग २९९ डॉलरपर्यंत गेलं. सुरुवातीचा हिशोब सोपा होता. महिन्याला ९.९५ म्हणजे १९९ डॉलर २० महिन्यांत वसूल. त्यानंतर सगळं फुकट. सौदा चांगला वाटतो.

पण लाइफटाइम म्हणजे कुणाचं आयुष्य? ग्राहकाचं नाही, बॉक्सचं. बॉक्स जळाला, बिघडला, दुरुस्त होईना झाला की सबस्क्रिप्शन संपलं. ते नव्या बॉक्सवर आपोआप येत नाही.

आणि बॉक्स ठणठणीत असला तरी आणखी एक धोका होताच. डीव्हीआर एकट्याने फार काही करू शकत नाही. उद्या कुठल्या चॅनलवर किती वाजता काय आहे, ही माहिती त्याला कंपनीच्या सर्व्हरवरून लागते. सुरुवातीचे टिव्हो तर त्यासाठी नियमितपणे फोनच्या लाइनवरून कंपनीला फोन लावायचे. कंपनीने ती माहिती देणं थांबवलं की बॉक्सची अर्धी अक्कल गेली.

तसं झालंही. ब्रिटनमधल्या पहिल्या पिढीच्या टिव्हो बॉक्सची सेवा जून २०११ मध्ये बंद झाली. अमेरिकेतल्या पहिल्या पिढीची सप्टेंबर २०१६ मध्ये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली ऑक्टोबर २०१७ मध्ये. बॉक्स चालू स्थितीत होते, डिस्क फिरत होती, पण पलीकडून माहिती येणं थांबलं.

नंतर नेटफ्लिक्ससारख्या सेवा आल्या आणि कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायची गरजच कमी होत गेली. २०१६ मध्ये रोवी कंपनीने टिव्हो विकत घेतली, २०२० मध्ये ती एक्सपेरीमध्ये विलीन झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून टिव्होने डीव्हीआर विकणंच थांबवलं.

डिस्कचा भाव आणि थायलंडचा पूर

बॉक्सचा खर्च कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींवरही अवलंबून असतो. २०११च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये मोठा पूर आला. बँकॉकच्या उत्तरेला हार्ड डिस्क बनवणारे आणि तिचे सुटे भाग पुरवणारे कारखाने आहेत, ते पाण्याखाली गेले. त्यानंतर काही महिने जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले होते.

ज्या वस्तूतला सगळ्यात महागडा भागच हार्ड डिस्क, तिच्यावर याचा परिणाम किती होतो हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सीसीटीव्ही बसवणाऱ्यांनाही ही झळ बसली, कारण डिस्क तीच.

आपल्याकडे हे गणित कुठे दिसतं?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या बॉक्सशी आपला काय संबंध? तर संबंध आहे.

३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसाठी केबल डिजिटल करायची शेवटची तारीख होती. पुण्या-नागपुरासारख्या शहरांसाठी ती ३१ मार्च २०१३ होती. घराघरांत सेट टॉप बॉक्स आले. अनेकांना ते बनवायच्या खर्चापेक्षा कमी पैशांत मिळाले, कारण कमाई दर महिन्याच्या रिचार्जमधून होणार होती. पण केबलवाला बदलला की तो बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही. कोणताही बॉक्स कोणत्याही ऑपरेटरकडे चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२०मध्ये केली. अमेरिकेत केबलकार्ड आणण्यामागे हाच विचार होता.

जिओफोन आठवतो? २०१७ मध्ये तो १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर आला. फोन जवळपास फुकट, कमाई रिचार्जमधून. टिव्होचाच धडा, फक्त वस्तू वेगळी. स्वस्त प्रिंटर आणि महाग शाई, हाही त्याच कुटुंबातला.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये तर आणखी एक गोम असते. जाहिरातीत दिसणारी किंमत बऱ्याचदा हार्ड डिस्क सोडून असते. डिस्क वेगळी घ्यावी लागते आणि अनेकदा ती बॉक्सइतकीच किंवा त्याहून महाग पडते. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी 'अमुक रुपयांत डीव्हीआर मिळतो' असं सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, 'डिस्कसकट की डिस्क सोडून?'

असा बॉक्स घेताना काय विचारायचं?

एक, तीन वर्षांचा एकूण खर्च किती? बॉक्स, इन्स्टॉलेशन, डिस्क, महिन्याची फी, सगळं जोडा. मगच तुलना करा. पहिल्या दिवशीची किंमत फसवी असते.

दोन, फी भरणं थांबवलं तर बॉक्स काय काय करू शकतो? काहीच करू शकत नसेल तर तुम्ही वस्तू विकत घेत नाही आहात, भाड्याने घेत आहात. भाड्याने घ्यायला हरकत नाही, पण मग विकतचे पैसे मोजू नका.

तीन, 'लाइफटाइम' लिहिलं असेल तर कुणाचं लाइफटाइम ते विचारा. बॉक्सचं, अकाउंटचं की कंपनीच्या मर्जीचं? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

चार, कंपनी बदलायची झाली तर हा बॉक्स दुसरीकडे चालेल का?

पाच, नवी वस्तू असेल तर आजच हवी आहे की वर्षभर थांबता येईल? सिरीज थ्री घेणाऱ्यांना कुणी फसवलं नव्हतं. पहिल्या दिवशी घेण्याची किंमत त्यांनी मोजली, इतकंच. ज्यांना थांबणं जमलं, त्यांना तेच काम ५०० डॉलर कमी देऊन मिळालं.